नवा वर्ग आपलासा करताना: पुण्यातल्या नव्या सीआर आणि स्वयंसेवकांसाठी

यंदा तुम्ही पहिल्यांदाच सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, झाला असाल, स्वागत समितीत नाव दिलं असेल, राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) किंवा एखाद्या कला मंडळाचे स्वयंसेवक असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या कॉलेजात नवी मुलं-मुली येतील. कुणी शेवगावहून, कुणी मुखेडहून, कुणी सुरगाण्याहून, कुणी इंफाळहून, कुणी काबूलहून आणि कुणी चार गल्ल्या पलीकडच्या नारायण पेठेतून. पेठेतल्या मुलीची आत्या याच कॉलेजात शिकलेली असते, शाळेतल्या चार मैत्रिणी सोबत आलेल्या असतात, कुठल्या सरांना काय आवडतं हे तिला आधीच माहीत असतं. मुखेडच्या मुलाची सुरुवात बोनाफाईड म्हणजे काय आणि ते कुठल्या खिडकीवर मिळतं, इथून होते.

माझं मत ठाम आहे. कॉलेजात एखाद्याला परकं वाटतं त्यामागे बहुतेक वेळा कुणाचा दुष्टपणा नसतो. कार्यक्रमाची वेळ, वर्गणीचा आकडा, बोलण्याची भाषा, सूचना पोचवायची पद्धत हे सगळं शहरात घर असलेल्या आणि खिशात पैसे असलेल्या मुलांच्या सोयीनं ठरलेलं असतं. ही घडी बदलता येते आणि त्यातली निम्मी तरी सीआरच्या हातात असते. मुद्दाम केलेला छळही असतोच. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पहिले पाच-सहा आठवडे मात्र फार मोलाचे. डबा कुणाबरोबर खायचा, प्रॅक्टिकलला कुणाशेजारी उभं राहायचं हे तेवढ्यात ठरून जातं आणि नंतर ते मोडणं अवघड होतं.

पहिलं काम: फाटकापासून एकदा चालत जा

वर्ग भरायच्या आधी दोघा-तिघांनी मिळून मेन गेटपासून ऑफिस, वर्ग, लॅब, लायब्ररी, कँटीन आणि स्वच्छतागृह असं सगळं फिरा. व्हीलचेअर मिळाली तर ती घेऊन फिरा, नाहीतर निदान कुबड्या घेतलेला माणूस इथून कसा जाईल याचा विचार करत फिरा. पुण्यातल्या अनेक कॉलेजांच्या इमारती जुन्या, दगडी आणि उंच पायऱ्यांच्या आहेत. दिसायला त्या सुंदर आहेत, पण गुडघ्याचा आजार असलेल्या मुलीसाठी दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग म्हणजे रोजची परीक्षा. लिफ्ट असते, पण तिची किल्ली कुणाकडे तरी असते. ती कुणाकडे असते, ते गृहस्थ किती वाजता येतात, हे लिहून ठेवा. उताराचा रॅम्प असतो, पण त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. असं काही दिसलं तर फोटो काढून प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्यात अंधत्व आणि चालण्याच्या अडचणींबरोबर डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, मानसिक आजार हेही येतात. म्हणजे तुमच्या वर्गातला दिव्यांग विद्यार्थी पाहताक्षणी ओळखू येईलच असं नाही. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. लेखनिक (सांगितलेली उत्तरं लिहून देणारा मदतनीस) घेणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळायला हवा. पण अर्ज वेळेत गेला नाही तर ऐन परीक्षेच्या दिवशी धावपळ होते, म्हणून लेखनिकाची तजवीज टर्म सुरू झाल्यावर लगेच करायची. पुण्यात विश्रांतवाडीची निवांत अंध मुक्त विकासालय ही संस्था अंध विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी काम करते, तिची माहिती असू द्या.

एक गोष्ट अगदी फुकटात होते. वर्गाच्या ग्रुपवर वहीच्या पानांचे वाकडेतिकडे फोटो टाकले जातात. ज्याला दिसत नाही तो फोनवर किंवा एनव्हीडीए या मोफत सॉफ्टवेअरवर मजकूर ऐकतो आणि नुसत्या फोटोतलं त्याला काही ऐकू येत नाही. नोट्स टाइप करून टाकल्या, निदान सूचनेतल्या तारखा आणि वेळा टाइप करून टाकल्या तरी मोठं काम होतं. आणि वर्गात तोंडी दिलेली प्रत्येक सूचना ग्रुपवर लेखी आली पाहिजे. ज्याला ऐकू कमी येतं त्याच्या ती उपयोगाची, आणि त्या दिवशी तालुक्याला दाखला आणायला गेलेल्या मुलाच्याही.

दुसरं: ओळख करून घ्या, चौकशी करू नका

पहिल्या दिवशी नव्या मुलाला आपण काय विचारतो? नाव सांगितलं की लगेच 'पूर्ण नाव?' आडनाव कळलं की गाव, मग 'म्हणजे तुम्ही कोण?' पुढे 'पर्सेंटाईल किती, कुठल्या कॅटेगरीतून?' विचारणाऱ्याला हे सहज वाटतं. ज्याला विचारलं जातं त्याला या प्रश्नांचा रोख चांगला ठाऊक असतो, शाळेपासून तो त्यातून गेलेला असतो. तुमच्या स्वागताच्या कार्यक्रमात हा नियम करून टाका: नुसतं नाव पुरे. आडनाव सांगायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. प्रवेशाच्या याद्यांमध्ये नावापुढे प्रवर्ग छापलेला असतो, त्या याद्या वर्गाच्या ग्रुपवर कुणीही पुढे पाठवायच्या नाहीत. कुणी पाठवलीच तर ॲडमिननं ती लगेच काढावी आणि पाठवणाऱ्याशी वेगळं बोलावं.

हीच काळजी शिष्यवृत्तीच्या सूचनेत घ्यायची. भर वर्गात 'एससी-एसटीचे विद्यार्थी थांबा, बाकीच्यांनी जा' असं म्हटलं जातं, तेव्हा पुढची तीन वर्षं चिकटणारं लेबल एका मिनिटात लागतं. कारकून किंवा सर असं म्हणत असतील तर सीआरनं अदबीनं सुचवावं, 'सर, सूचना मी सगळ्यांना ग्रुपवर देतो.' आणि सूचना अशी लिहावी (महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ): 'महाडीबीटीचा फॉर्म भरलेल्या सर्वांनी कागदपत्रं अमुक तारखेपर्यंत खिडकी क्रमांक अमुकवर द्यावीत.' ज्याला लागू आहे तो बरोबर जातो.

प्रत्येकाकडून एक छोटा फॉर्म भरून घ्या, तोही ऐच्छिक. कुठल्या नावानं हाक मारलेली आवडेल, कुठल्या भाषेत बोलायला सोपं जातं, राहता कुठे आणि येता कसे, खाण्यापिण्यात काही वर्ज्य आहे का, बसण्याची किंवा इतर काही सोय हवी आहे का, आणि कुठल्या वेळी काम, नोकरी किंवा घरची जबाबदारी असते. बास. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न यांपैकी काहीही नको. हा फॉर्म फक्त दोघांनी पाहायचा आणि कोण पाहणार ते वरती लिहून टाकायचं.

हाक मारायच्या नावाचा प्रश्न मी मुद्दाम पहिला ठेवते. काही मुलांना हजेरीपटावरचं नाव आपलं वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नाल्सा निकालानं आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. कागदावरचं नाव बदलायला वेळ लागतो, पण वर्गात आपण कुठल्या नावानं हाक मारतो याला कुठलाच अर्ज लागत नाही. कुणी विश्वासानं तुम्हाला आपल्याबद्दल काही सांगितलं तर ते तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे, 'चांगल्यासाठी' म्हणूनही पुढे जाता कामा नये. घरी कळलं तर शिक्षण थांबेल अशी परिस्थिती अनेकांची असते.

तिसरं: माहितीचं एक पान

शहरातल्या मुलांना माहिती घरबसल्या, गप्पांतून मिळते. बाकीच्यांना ती उशिरा मिळते आणि उशिरा मिळालेल्या माहितीनं वर्षाची फी जाते. म्हणून मराठी आणि इंग्रजीत एकच पान तयार करा, ग्रुपवर टाका आणि छापून नोटीस बोर्डावरही लावा.

त्यात काय असावं? महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांच्या शेवटच्या तारखा आणि लागणारी कागदपत्रं: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र (व्हॅलिडिटी), नॉन-क्रिमिलेयर, गॅप असेल तर शपथपत्र. शासकीय वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या तिन्हींची मुख्यालयं पुण्यातच आहेत, हे इथल्या मुलांचं भाग्य. फोनवर उत्तर नाही मिळालं तर जाऊन विचारता येतं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा व शिका योजना लिहा. १९५५ पासून ग्रामीण भागातल्या मुलामुलींना पुण्यात राहण्याजेवण्याची सोय करून देणारी विद्यार्थी साहाय्यक समिती लिहा. पीएमपीएमएलचा, म्हणजे शहर बसचा, विद्यार्थी पास कसा काढायचा ते लिहा. परदेशी विद्यार्थ्यांसाठी दोन ओळी हव्यातच. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आलेल्याला भारतात पोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी करावी लागते आणि घरमालकानं किंवा होस्टेलनं त्याच्या मुक्कामाची माहिती त्या कार्यालयाला कळवायची असते. हे न कळल्यानं दंड भरलेले विद्यार्थी पुण्यात भेटतात. त्यांच्याबरोबर एकदा कुणी मराठी बोलणारं गेलं तर निम्मी भीती जाते.

दाखल्यासाठी गावी जावं लागणाऱ्या मुलाचे दोन-तीन दिवस जातात, एसटीचं भाडं जातं आणि हजेरीही जाते. वर्गशिक्षकांशी आधीच बोलून ठेवा की दाखल्याच्या पावतीवर ती गैरहजेरी धरली जाऊ नये. बहुतेक शिक्षक ऐकतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

चौथं: पैशाचा विचार सगळ्यात आधी

वर्गातून मुलं हळूहळू गळतात ती बरेचदा कॉन्ट्रीमुळे, म्हणजे वर्गणीमुळे. फ्रेशर्स पार्टी हॉटेलात, पाचशे रुपये. वर्गाचा टी-शर्ट, साडेतीनशे. सरांच्या वाढदिवसाचा केक, पन्नास. राजगडाचा ट्रेक, गाडीसकट सातशे. एकेक आकडा लहान दिसतो, पण महिन्याच्या मेसचे पैसे घरून कसेबसे येणाऱ्या मुलाला यातला कुठलाच परवडत नाही. तो 'मला बरं नाही', 'मला काम आहे' असं म्हणतो आणि तुम्हाला वाटतं त्याला मिसळायला आवडत नाही.

उपाय साधे आहेत. वर्गाचे मुख्य कार्यक्रम कॉलेजच्या आवारात आणि बिनपैशाचे ठेवा. चहा-भजी, गाणी, खेळ. हॉलसाठी विद्यार्थी विकास विभागाकडे अर्ज केला की काम होतं. टी-शर्ट ऐच्छिक ठेवा आणि कार्यक्रमाला तो घालणं सक्तीचं करू नका, नाहीतर ऐच्छिक म्हणण्याला अर्थ नाही. पैसे एकाच माणसाकडे, एकेकट्यानं द्यायचे. 'यांचे पैसे बाकी' अशी नावांची यादी ग्रुपवर टाकणं मला क्रूर वाटतं, ते बंद करा. इंडस्ट्रियल व्हिजिटसारखी अभ्यासक्रमातली सहल असेल तर दोन-तीन हप्ते ठरवून घ्या आणि कमी पडणारी रक्कम माजी विद्यार्थ्यांकडून किंवा कॉलेजच्या विद्यार्थी निधीतून मिळेल का ते विभागप्रमुखांना विचारा. कुणासाठी मागितली ते कुणालाच कळायची गरज नाही.

वेळेचंही तसंच. संध्याकाळी सातला सुरू होणारा कार्यक्रम म्हणजे हडपसर, चाकण, तळेगावहून ये-जा करणाऱ्यांना आणि होस्टेलच्या मुलींना दिलेला नकार. चार ते सहा ही वेळ बहुतेकांना जमते.

पाचवं: इथं कोण उभं आहे ते बघून बोला

वर्गात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालतात. नियम एकच पुरतो. घोळक्यात ज्याला कळत नाही असा एकजण जरी असला तरी त्याला कळेल असं बोलायचं, निदान मधे थांबून सांगायचं. मणिपूरच्या मुलीसमोर चौघांनी अर्धा तास मराठीत हसत बसायचं आणि नंतर 'ही फार गप्प असते' म्हणायचं, हे बरं नव्हे. तिला मराठी शिकायची हौस असेल तर कँटीनमध्ये, बसमध्ये, भाजी घेताना शिकवा. 'अजून मराठी येत नाही?' असं कुणी हटकू नये.

दुसरी बाजू जास्त दुखरी आहे, कारण ती आपल्या आपल्यातली आहे. नांदेड, लातूर, बुलढाणा, धुळे, सिंधुदुर्ग इथली मुलं आपापल्या बोलीत बोलतात. ण-न चा घोळ, हेल, 'करायलो', 'जाऊ राहिलो' यावर पुण्यात हसतात, नक्कल करतात. हसणाऱ्याला ती गंमत वाटते. ऐकणारा मुलगा वर्गात प्रश्न विचारणं सोडून देतो. सीआरनं पहिल्याच आठवड्यात, पहिल्याच नकलेला, सगळ्यांसमोर पण शांतपणे थांबवायचं. दुसऱ्यांदा थांबवायची वेळ सहसा येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी प्रत्येक विषयाची एक शब्दयादी करा: इंग्रजी संज्ञा, तिचा मराठी अर्थ आणि एक ओळीचं उदाहरण. मागच्या वर्षीच्या मुलांनी प्रत्येकी दहा-दहा शब्द लिहिले तरी यादी पुरी होते. शिक्षकांना विनंती करा की शंका मराठीत विचारली तरी चालेल हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं वर्गात सांगावं. विद्यार्थ्यानं सांगणं आणि सरांनी सांगणं यात फार फरक पडतो.

सहावं: खोली आणि जेवण

होस्टेलच्या जागा थोड्या आणि मुलं फार, हे पुण्याचं जुनं दुखणं. बाकी सगळे कॉट बेसिसवर (एका खोलीत एकेक खाट भाड्यानं घेऊन), फ्लॅटमध्ये किंवा नातेवाइकांकडे. खोली शोधताना काहींना जो अनुभव येतो त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. नाव ऐकल्यावर 'खोली कालच गेली', आडनाव ऐकल्यावर 'आम्हाला शाकाहारीच हवेत', चेहरा बघून 'फॉरेनर नको'. मुस्लिम, दलित, ईशान्येकडच्या आणि आफ्रिकन विद्यार्थ्यांना हे पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. घरमालकाचं मन आपण लगेच बदलू शकत नाही. पण ज्यांनी आधी कुठलाही भेद न करता खोली दिली आहे अशा मालकांची यादी सीनिअर मुलं करू शकतात आणि ती दरवर्षी पुढे देऊ शकतात. खोली बघायला सोबत जा. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, डिपॉझिटची रक्कम त्यात लिहिलेली आहे का ते बघा.

सिंबायोसिस संस्थेची सुरुवात आठवा. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक असताना मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीनं आजारी पडला होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती, ते त्यांनी पाहिलं. परक्या देशात आजारी पडलेल्या मुलाचं इथं कोण, या विचारातून परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम सुरू झालं आणि १९७१ मध्ये संस्था उभी राहिली. तुमच्या वर्गातही आजारी पडल्यावर डबा कोण नेणार याची उत्तरं आधी ठरलेली असावीत. एकाच भागात राहणाऱ्या चार-पाच जणांचा छोटा गट करा, एवढं पुरतं.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असतात. दिवाळीत तर बऱ्याच मेस आठ-दहा दिवस बंद राहतात आणि ज्यांना घरी जाणं परवडत नाही किंवा घर दोन हजार किलोमीटरवर आहे ती मुलं बिस्किटांवर दिवस काढतात. दिवाळीआधी ग्रुपवर विचारा, 'कोण कोण पुण्यात आहे?' शहरात घर असलेल्यांनी एकेक दिवस वाटून घ्यावा. कार्यक्रमाच्या जेवणात मांसाहारी आणि शाकाहारी दोन्ही असेल तर पातेली आणि डाव वेगळे ठेवा, खाणाऱ्यांच्या पंगती मात्र वेगळ्या करू नका. रमजानच्या महिन्यात वर्गाचा कार्यक्रम दुपारच्या जेवणाचा ठेवू नका, किंवा रोजे असणाऱ्यांना विचारून वेळ ठरवा.

सातवं: मंडळं, नाटक आणि प्रोजेक्टचे गट

प्रोजेक्टचे गट मैत्रीवर सोडले की तीच ती मुलं एकत्र येतात आणि चार-पाचजण शेवटी उरतात. उरलेल्यांचा गट ही फार वाईट गोष्ट आहे. पहिल्या टर्मला चिठ्ठ्या टाकून गट पाडा.

पुण्यात कला मंडळ म्हणजे मोठं प्रकरण. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि तिच्या तालमी नेमक्या नवी मुलं येतात त्याच दिवसांत रंगात आलेल्या असतात. त्यामुळे संघ आधीच ठरलेला असतो आणि नव्यांना फक्त लेव्हल्स (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) उचलायला बोलावतात. बॅकस्टेज हे मानाचं काम आहे, पण कुणाला कायम तेच मिळतं हे दर वर्षी तपासा. ऑडिशनची सूचना सगळ्या वर्गांत लेखी लावा, वाचायला उतारा आदल्या दिवशी द्या, आणि ज्याची त्याची बोली ज्याच्या त्याच्या तोंडी राहू द्या. रात्री उशिरापर्यंत तालीम असेल तर मुलींना आणि लांब राहणाऱ्यांना घरी कोण सोडणार हे तालीम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं.

आठवं: कुणी तक्रार घेऊन आलं तर

इथं घाई करू नका आणि टाळाटाळही करू नका.

कुणीतरी तुमच्याकडे येऊन सांगतं तेव्हा त्यानं बराच धीर गोळा केलेला असतो. आधी पूर्ण ऐका. 'तो तसा नाहीये गं', 'गंमत केली असेल', 'मिटवून टाका' ही तीन वाक्यं तोंडातून येऊ देऊ नका. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. ज्याला त्रास झाला त्याच्यावर त्यानं दडपण येतं. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय झालं हे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायला मदत करा, मेसेज असतील तर स्क्रीनशॉट ठेवायला सांगा. पुढे काय करायचं हे तो किंवा ती ठरवेल, तुम्ही सोबत जायचं. तुमचं काम तिथवरच.

कुठे जायचं हे तुम्हाला पाठ असायला हवं. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, दोषी ठरलेल्याला पाच वर्षं कुठल्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (युजीसी) २००९ चे नियमही आहेत आणि त्यांत २०१६ मध्ये झालेली दुरुस्ती प्रत्येक सीआरनं वाचावी. रंग, वंश, धर्म, जात, लिंग, लैंगिक कल, दिसणं, राष्ट्रीयत्व, प्रदेश, भाषा, राहण्याचं ठिकाण किंवा आर्थिक परिस्थिती यांवरून एखाद्याला त्रास देणं, त्याला वाळीत टाकणं हेही आता रॅगिंगच आहे. म्हणजे बोलीची नक्कल करून एखाद्याला ठरवून एकटं पाडणं हा नुसता आगाऊपणा राहिलेला नाही. चोवीस तास चालणारा हेल्पलाइन क्रमांक १८००-१८०-५५२२.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे जाते. युजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असावे लागतात. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही या नियमांत आहेत. तुमच्या कॉलेजच्या समितीची नावं भिंतीवर आहेत का ते आजच बघा.

जातीवरून भेदभाव झाला तर युजीसीच्या २०१२ च्या समता नियमांनी नेमलेला भेदभाव-विरोधी अधिकारी आणि समान संधी कक्ष आहे. प्रकार गंभीर असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यासाठी पोलिसांकडे जाता येतं. फी, निकाल, कागदपत्रं अडवून ठेवणं अशा तक्रारींसाठी २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्यावर लोकपालाकडे दाद मागता येते.

आणि कुणी खूप खचलेलं दिसलं, जगण्यात अर्थ नाही असं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटत असेल तर ११२. कॉलेजच्या समुपदेशकांपर्यंत स्वतः घेऊन जा. गुप्तता पाळण्याचं वचन दिलं असलं तरी जीव वाचवण्यासाठी ते मोडावं लागलं तर मोडा.

वर्षभराच्या तारखा

३ जानेवारीची सावित्रीबाई जयंती, ११ एप्रिलची जोतिबांची, १४ एप्रिलची बाबासाहेबांची आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन हे कार्यक्रम अनेक कॉलेजांत ठरावीक मुलांवर सोडलेले असतात. 'ती मुलं करतात ना' असं म्हणतात. तयारीची यादी काढताना संपूर्ण वर्गाची नावं घाला. २०१४ पासून ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे तिथं तरी हा कार्यक्रम सगळ्यांचा असायला हवा. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंवर याच शहरातल्या लोकांनी शेण फेकलं. पुढे त्यांच्यासोबत फातिमा शेख याही शिकवत होत्या. नव्या मुलांना पुणे दाखवायला नेताना शनिवारवाडा आणि सारसबागेबरोबर गंज पेठेतला फुले वाडा, सेनापती बापट रस्त्यावरचं आंबेडकर संग्रहालय आणि क्वीन्स गार्डनमधलं आदिवासी संग्रहालयही ठेवा. सगळी ठिकाणं पीएमपीएमएलच्या बसनं होतात.

टर्म संपताना

मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी, पुढच्या वर्षी काम करू इच्छिणाऱ्या दोघांना घेऊन बसा. माहितीचं पान, शब्दयाद्या, घरमालकांची यादी, लिफ्टची किल्ली कुणाकडे असते ते, आणि कुठले अर्ज दिले, कुठल्यांचं उत्तर अजून आलेलं नाही, त्यांच्या पोचांसकट त्यांच्या हवाली करा. मुलांनी भरून दिलेले फॉर्म मात्र पुढे द्यायचे नाहीत. ते त्या दिवशी दोघांसमोर फोनवरून आणि ड्राइव्हवरून काढून टाका, आणि तसं ग्रुपवर लिहा.